बोल्ट रिग

बोल्ट रिग ही तलावाच्या तळाशी चरणारा कार्प मासा गळाने पकडण्यासाठी वापरली जाणारी एक मांडणी आहे. गळ, दोर, वजन आणि आमिष यांच्या जोडणीला इंग्रजीत 'रिग' असे म्हणतात. बोल्ट रिगमध्ये शिशाचे जड वजन दोरावर पक्के किंवा अर्धवट पक्के बसवलेले असते. माशाने आमिष तोंडात घेऊन डोके उचलले की गळ आणि वजन यांमधला आखूड दोर ताणला जातो, वजनाचा भार गळावर येतो आणि गळाचे टोक ओठात टोचते. टोचल्यामुळे बिथरलेला मासा एकदम पळ काढतो. अशा पळण्याला इंग्रजीत 'बोल्ट' हा शब्द आहे व त्यावरूनच या मांडणीला हे नाव मिळाले. काठी हातात धरलेल्या माणसाने हिसका देण्याआधीच मासा अडकलेला असतो, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य होय.

ही मांडणी इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आली आणि पुढच्या दशकात युरोपभर पसरली. त्यापूर्वी वजन हा गळाने मासेमारी करणाऱ्याचा शत्रू मानला जात असे. बोल्ट रिगने त्याच वजनाला गळ रोवण्याचे काम दिले. मात्र वजन जितके अधिक तितकी पकड चांगली, असा सरळ नियम यातून निघत नाही.

कार्पचे तोंड आणि आमिषाची पारख

वजनाचा परिणाम समजण्यासाठी आधी कार्प कसा खातो हे पाहावे लागते. कॉमन कार्प, म्हणजेच सायप्रिनस कार्पिओ, याच्या जबड्यांत दात नसतात. त्याचे दात घशात असतात आणि अन्न त्यांच्या व वरच्या बाजूच्या शृंगी गादीच्या मध्ये चिरडले जाते. तोंड खालच्या बाजूला नळीसारखे पुढे काढता येते. मासा ते चिखलाजवळ नेतो, मुखपोकळी एकाएकी फुगवतो आणि पाण्यासह अन्न आत ओढून घेतो. ओठांच्या कडेला मिशांसारख्या स्पर्शेंद्रियांच्या दोन जोड्या असतात. त्यांच्यावर आणि तोंडाच्या आत चव ओळखणाऱ्या कलिका दाटीने असतात.

आत आलेल्या घासातून खाद्य आणि कचरा वेगळे करण्याची कार्पची क्षमता विलक्षण आहे. त्याच्या टाळूला स्नायूंची एक जाड गादी असते. तिचा हवा तेवढाच भाग फुगवून मासा अन्नाचा कण जागच्या जागी दाबून धरतो आणि उरलेली माती कल्ल्यांवाटे बाहेर घालवतो. नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथे एफ. ए. सिबिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात क्ष-किरण चित्रणाच्या साहाय्याने या क्रियेचा तपशीलवार अभ्यास केला. ओढून घेणे, पारखणे, थुंकणे आणि पुन्हा ओढून घेणे हा कार्पचा नित्याचा व्यवहार आहे. खडा थुंकावा तितक्या सहजपणे तो गळही थुंकू शकतो. पाण्याखाली केलेल्या चित्रणांत मासे गळासह आमिष उचलून पुन्हा सोडून देताना दिसतात आणि काठावर त्याची कसलीही खूण उमटत नाही.

त्यामुळे गळ लागण्यासाठी उपलब्ध असलेला काळ फार थोडा असतो. आमिष तोंडात गेल्यापासून ते थुंकले जाईपर्यंत केव्हातरी गळाचे टोक मांसाला टेकले पाहिजे आणि त्याच क्षणी त्यावर पुरेसा जोर आला पाहिजे. हा जोर कोठून आणायचा, या प्रश्नाभोवती कार्पच्या मासेमारीचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास फिरतो.

वजन टाळण्याचा काळ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये मोठा कार्प गळाला लागणे जवळजवळ अशक्य समजले जाई. ही समजूत मोडण्याचे श्रेय प्रामुख्याने रिचर्ड वॉकर यांना दिले जाते. १३ सप्टेंबर १९५२ रोजी त्यांनी हेरफर्डशायर परगण्यातील रेडमायर पूल या लहानशा तळ्यातून ४४ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो वजनाचा कार्प पकडला. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयात ठेवण्यात आला व 'क्लॅरिसा' या नावाने प्रसिद्ध झाला.

त्या काळातील पद्धतीत पावाचा तुकडा, कणकेचा गोळा किंवा उकडलेला बटाटा थेट गळावर लावून वजनाशिवाय पाण्यात टाकला जाई. दोर सैल सोडलेला असे. माशाला यत्किंचितही ओढ जाणवली तर तो आमिष टाकून देईल, हा त्यामागचा विचार होता. मासा दोर घेऊन चालू लागला की काठीला हिसका द्यायचा, असा क्रम असे. विशेष म्हणजे 'आर्लसी बॉम्ब' हे पेअरच्या आकाराचे, वर फिरती कडी असलेले शिशाचे वजनही वॉकर यांनीच तयार केले. ते आर्लसी येथील तलावात दूरवर पर्च मासे पकडण्यासाठी होते आणि माशाला भार जाणवू नये म्हणून दोर कडीतून मोकळा सरकावा अशी त्याची रचना होती. पुढे याच धर्तीची वजने उलट हेतूने, म्हणजे माशाला भार जाणवावा म्हणून वापरली जाऊ लागली.

मासेमारी वाढली तसे तलावांतील कार्प सावध होत गेले. आमिष उचलले जाई, दोर दोन-तीन सेंटिमीटर हले आणि थांबे. हिसका दिला तरी गळ रिकामाच परत येई. मासा आमिष घेऊन चालतच नव्हता, जागच्या जागी पारखून थुंकत होता. सैल दोर आणि वजनाचा अभाव या दोन्ही गोष्टी आता माशाच्याच उपयोगाच्या ठरत होत्या, कारण त्याला थुंकण्यासाठी हवी तेवढी मोकळीक त्यातूनच मिळत होती.

तरीही जुनी पद्धत एका दिवसात संपली नाही. १६ जून १९८० रोजी ख्रिस येट्स यांनी त्याच रेडमायर तळ्यातून ५१ पौंड ८ औंसांचा, म्हणजे सुमारे २३.४ किलोचा कार्प पकडून वॉकर यांचा विक्रम मोडला. तो मासा जुन्या धर्तीच्या साहित्यावर आणि मक्याच्या दाण्यांवर लागला होता. बेसावध माशासमोर वजनाविना टाकलेला गळ आजही निरुपयोगी नाही.

केसाची मांडणी आणि वजनाचे आगमन

बदल दोन बाजूंनी आला. पहिला आमिषाच्या जागेचा होता. लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी टाकीतील कार्पचे निरीक्षण करून आमिष गळावर न खोचता गळाच्या मागे बारीक धाग्याने लोंबते ठेवण्याची पद्धत शोधली. सुरुवातीच्या प्रयोगांत त्यासाठी मानवी केस वापरला गेला, म्हणून या मांडणीला 'हेअर रिग' हे नाव पडले. मॅडॉक्स यांच्या १९८१ मधील 'कार्प फीव्हर' या पुस्तकामुळे ती सर्वज्ञात झाली. आमिष गळापासून सुटे झाल्यामुळे गळाचे टोक उघडे राहू लागले. त्याआधी हिसका दिल्यावर टोकाला प्रथम आमिष फाडून बाहेर यावे लागे.

दुसरा बदल वजनाचा होता. उघडे टोक मांसाला टेकले असताना त्यावर तत्काळ भार आला तर हिसक्याची गरजच उरत नाही, हे लक्षात आले. त्याच सुमारास अंडी आणि प्रथिनयुक्त पिठे मळून उकडलेल्या टणक गोळ्या, म्हणजे 'बॉयली', आमिष म्हणून रूढ होत होत्या. त्या लांब फेकल्या तरी फुटत नसत आणि लहान मासे त्यांना कुरतडू शकत नसत. टणक आमिष, केसाची मांडणी आणि पक्के जड वजन या तिन्हींच्या संयोगातून आजची कार्पची मासेमारी उभी राहिली. आमिष तासन्‌तास पाण्यात ठेवून काठीजवळच्या विजेच्या घंटेची वाट पाहणे त्यामुळेच शक्य झाले. या स्वयंचलितपणामुळे कौशल्याचा भाग कमी झाला, अशी तक्रार जुन्या पिढीकडून तेव्हा झाली आणि अजूनही होते. तिच्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही.

भाराचे गणित

बोल्ट रिगमध्ये साधारणपणे २ ते ४ औंस, म्हणजे ५७ ते ११३ ग्रॅम वजन वापरतात. शिशाची घनता पाण्याच्या सुमारे ११.३ पट असल्यामुळे पाण्यात त्याचा भार फक्त ९ टक्क्यांच्या आसपास घटतो. २८ ग्रॅमचे शिसे पाण्यात उचलून धरण्यासाठी सुमारे ०.२५ न्यूटन बल लागते, ८५ ग्रॅमसाठी ०.७६ न्यूटन आणि ११३ ग्रॅमसाठी साधारण १ न्यूटन.

ही आकडेवारी स्थिर भाराची झाली. मासा डोके झटक्याने उचलतो तेव्हा वजनाला गती द्यावी लागते आणि जडत्वामुळे अधिक ओढ निर्माण होते. उदाहरणादाखल, माशाचे तोंड दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतक्या प्रवेगाने वर गेले, तर ८५ ग्रॅम वजनावर जडत्वाचे आणखी सुमारे ०.४ न्यूटन बल चढते आणि गळावर एकूण १.२ न्यूटनच्या आसपास ओढ येते. २८ ग्रॅमच्या वजनाबाबत हीच बेरीज ०.४ न्यूटनपर्यंत जाते. मासा दचकून जितक्या जोरात हलेल तितके वजन त्याच्याविरुद्ध काम करते. याउलट, संथपणे डोके उचलणाऱ्या मोठ्या माशाच्या बाबतीत जडत्वाचा भाग जवळजवळ नाहीसा होतो आणि केवळ स्थिर भार उरतो. मोठ्या, सावकाश चरणाऱ्या माशांसाठी जड वजन वापरण्याच्या प्रथेला या दृष्टीने आधार सापडतो.

एक न्यूटन हे बल फार मोठे नाही. मध्यम आकाराचे एक लिंबू तळहातावर पेलताना साधारण त्याच्या निम्मे बल जाणवते. पळणारा दहा किलोचा कार्प याच्या कितीतरी पट जोराने दोर ओढतो. म्हणून वजन माशाला थांबवते ही समजूत चुकीची आहे. गळ रुतण्याचे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात केवळ टोक टोचते आणि तेवढेच वजनाचे काम असते. दुसऱ्या टप्प्यात गळ वाकणापर्यंत, उलटा काटा असल्यास त्याच्या पुढेपर्यंत, मांसात शिरतो. ते बल माशाची स्वतःची धाव, रिळाचा अडसर आणि वाकलेली काठी यांच्यातून मिळते.

मग हे पहिले काम काठीच्या हिसक्याने का होत नाही? अंतर हे त्याचे कारण आहे. नायलॉनचा तंगूस ताणला की रबरासारखा लांबतो. गळ ८० मीटरवर असेल तर हिसक्याचा बराचसा भाग हा ताणच गिळून टाकतो. शिवाय मासा आमिष उचलत आहे ही खबर तेवढेच अंतर कापून काठीपर्यंत यायला हवी. वजन मात्र माशाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असते आणि त्याला कोणाच्या इशाऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

वजन आणि टोकाची धार

गळाचे टोक मांसात शिरते ते बलामुळे नव्हे, तर दाबामुळे, म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बलामुळे. वजन दुप्पट केले तर टोकावरील दाब दुप्पट होतो. टोकाचा व्यास निम्मा केला तर क्षेत्रफळ चौथाई होते आणि त्याच वजनात दाब चौपट होतो. खऱ्या मांसाची लवचिकता आणि गळाचा कोन यांमुळे हे प्रमाण तंतोतंत पाळले जात नाही, पण दिशा स्पष्ट आहे. तळाच्या खडीवर घासून बोथट झालेल्या गळाची भरपाई अधिक शिसे बांधून करणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. अनुभवी मासेमार प्रत्येक फेकीपूर्वी टोक नखावर टेकवून पाहतात. टोक घसरले तर गळ बदलतात आणि वजनाला मात्र हात लावत नाहीत.

गळाची जाडीही महत्त्वाची असते. जाड तारेचा गळ रोवण्यास अधिक बल लागते, तर बारीक तारेचा गळ हलक्या वजनावरही टोचतो पण मोठ्या माशाच्या ओढीने सरळ होऊ शकतो.

हुकलिंकची लांबी

वजन आणि गळ यांना जोडणाऱ्या आखूड दोराला 'हुकलिंक' म्हणतात. त्यातील ढील संपेपर्यंत वजन अस्तित्वात नसल्यासारखेच असते. म्हणून वजनाच्या जोडीला हुकलिंकच्या लांबीचा विचार करावाच लागतो. १५ ते २५ सेंटिमीटरची हुकलिंक सामान्यतः वापरली जाते. ती ४० सेंटिमीटरपर्यंत वाढवली तर खाली डोके करून चरणारा मासा आमिष ओढून घेऊन, पारखून, थुंकून मोकळा होऊ शकतो आणि त्या काळात दोर एकदाही ताणला जात नाही. तेथे ११३ ग्रॅमचे शिसेही कुचकामी ठरते.

फार आखूड हुकलिंकचेही तोटे आहेत. आमिष पुरते आत जाण्याआधीच दोर ताणला गेला तर गळ ओठाच्या अगदी कडेला टोचतो आणि सुटण्याची शक्यता वाढते. मऊ गाळात वजन रुतून बसते व हुकलिंकचा काही भाग आपल्यासोबत खाली ओढून नेते, त्यामुळे कागदावर २० सेंटिमीटर असलेली लांबी प्रत्यक्षात बरीच कमी उरते. मासे कसे चरत आहेत यावरही लांबी ठरते. खाद्याच्या दाट थरावर मासा डोके खाली ठेवून जागच्या जागी खातो, तेव्हा आखूड हुकलिंक उपयोगी पडते. विरळ विखुरलेल्या खाद्यावर तो एकेक दाणा उचलून पुढे सरकतो आणि तेथे लांब हुकलिंकही ताणली जाते.

वजनाचा आकार आणि बांधणी

एकाच वजनाची दोन शिसी सारखाच परिणाम देतील असे नाही. तळावर आडव्या पडलेल्या लांबट शिशाचे एक टोक उचलताना, दुसरे टोक जमिनीवर टेकलेले असेपर्यंत, निम्माच भार जाणवतो. १०० ग्रॅमचे लांबट शिसे सुरुवातीला ५० ग्रॅमइतकाच विरोध करते आणि पूर्ण भार ते जमिनीवरून सुटल्यावरच येतो. गोल किंवा आखूड पेअरच्या आकाराच्या शिशात हा टप्पा फार थोड्या अंतरात संपतो. लांब फेकण्यासाठी निमुळते शिसे चांगले असते, पण गळ रोवण्यासाठी आटोपशीर आकार अधिक परिणामकारक मानला जातो तो यामुळे.

बांधणीचे तीन मुख्य प्रकार आहेत. शिशाच्या पोटातून दोर ओवला असेल आणि हुकलिंकची कडी त्याच्या तोंडाशी घट्ट बसली असेल, तर भार सर्वांत लवकर पोहोचतो. शिसे बाजूला चिमट्याने टांगले असेल तर ते आधी कडीभोवती वळते, मग उचलले जाते. तिसऱ्या प्रकारात शिसे दोरावर मोकळे सरकते. तेथे माशाला शिशाचा भार जाणवत नाही, फक्त घर्षण आणि मुख्य दोराचा ताण जाणवतो. मोकळ्या शिशाच्या मागे काही सेंटिमीटरवर दोराला मणी घट्ट बसवला तर मिश्र परिणाम मिळतो. मासा थोडे अंतर निर्धास्तपणे जातो, वेग घेतो आणि मग मण्यावर शिसे अडकून एकदम धक्का बसतो. पक्क्या वजनाची सवय झालेल्या सावध माशांसाठी काही जण ही जुनी युक्ती मुद्दाम वापरतात.

फेकण्याच्या बाजूनेही वजनाला मर्यादा पडते. ब्रिटिश काठ्यांवर त्यांची ताकद पौंडांत छापलेली असते आणि जितके पौंड तितके औंस वजन ती काठी आरामात फेकते, असा ढोबळ नियम आहे. तीन पौंडांच्या काठीवर पाच औंसांचे शिसे लावून पूर्ण जोराने फेकल्यास काठी वा दोर तुटण्याचा धोका असतो.

गळाजवळचे लहान वजन

मुख्य शिशाखेरीज हुकलिंकवरही थोडे वजन लावले जाते. त्यासाठी शिशाऐवजी बहुधा टंगस्टनच्या भुकटीचा मऊ लगदा वापरतात आणि तो गळापासून काही सेंटिमीटरवर दोराभोवती दाबून बसवतात. त्याचे वजन ग्रॅमच्या अंशात असते, तरी परिणाम मोठा असतो. एक तर हुकलिंक तळाला चिकटून राहते आणि माशाच्या अंगाला दोर लागत नाही. दुसरे, तरंगणारे आमिष हव्या त्या उंचीवर धरले जाते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मासा आमिष थुंकू लागतो तेव्हा गळाचा दोर या वजनामुळे खाली लोंबतो आणि टोक खालच्या ओठाकडे वळते. खालच्या ओठाच्या मध्यभागी लागलेला गळ सहसा सुटत नाही.

येथेही अधिक म्हणजे चांगले नव्हे. माशाच्या शोषणाने पाण्यात निर्माण होणारा प्रवाह तोंडाशी जोरदार असतो, पण तोंडाच्या व्यासाएवढ्या अंतरावरच त्याचा वेग अगदी थोडा उरतो. आजूबाजूचे सुटे खाद्य सहज आत जात असताना गळ आणि लगद्याने जड झालेले आमिष मागे राहिले किंवा जेमतेम ओठापर्यंत आले, तर गळ पुरता आत जातच नाही. यावर उपाय म्हणून आमिषात बुचाचा किंवा फोमचा तुकडा घालून गळाचा भार भरून काढला जातो. असे समतोल साधलेले आमिष पाण्यात अतिशय सावकाश बुडते आणि थोड्याशा शोषणानेही आत जाते. थोडक्यात, आत जाताना गळ हलका आणि बाहेर येताना जड असावा अशी ही परस्परविरोधी मागणी आहे. रिगचे असंख्य प्रकार निघाले ते याच पेचातून.

पकडीनंतरचे वजन

गळ लागण्यापूर्वी मदत करणारे वजन मासा लागल्यानंतर मात्र घात करू शकते. मासा पृष्ठभागाजवळ येऊन डोके झटकतो तेव्हा तोंडापासून वीतभर खाली लोंबणारे १०० ग्रॅमचे शिसे लंबकासारखे झुलते. प्रत्येक झटक्याला ओढीची दिशा बदलते, ओठातील छिद्र रुंदावते आणि गळ निसटतो. मासा सुटला तरी जखम मागे राहते. ब्रिटनमध्ये पकडलेला कार्प जवळजवळ नेहमी पुन्हा पाण्यात सोडला जातो आणि एकच मासा आयुष्यात अनेकदा गळाला लागतो. म्हणून तोंडाच्या जखमा हा तेथे गंभीर विषय आहे.

त्याहून मोठा धोका दोर तुटण्याचा आहे. वजन दोरावर पूर्णपणे जखडलेले असेल आणि मुख्य दोर तुटला, तर माशाला ते शिसे ओढत फिरावे लागते. शिसे पाणवनस्पतींत किंवा बुडालेल्या फांद्यांत अडकले तर मासा तेथेच बांधला जाऊन मरतो. बोल्ट रिगच्या सुरुवातीच्या काळात अशा घटनांमुळे ही मांडणी टीकेचा विषय झाली. आता वापरले जाणारे वजन 'अर्धवट पक्के' असते. प्लास्टिकचा चिमटा आणि त्यावरील रबरी टोपी गळ रोवण्यापुरता भार पेलतात, पण त्याहून जास्त ओढ पडली की शिसे सुटून पडते. अनेक खासगी तलावांवर पूर्ण जखडलेल्या वजनाला बंदी असते आणि काही ठिकाणी रिग तपासूनच मासेमारीस परवानगी दिली जाते.

या सुरक्षेला तडजोडीची दुसरी बाजूही आहे. रबरी टोपी फार सैल बसवली तर फेकतानाच शिसे गळून पडते, फार घट्ट बसवली तर ऐनवेळी सुटत नाही. मासा लागताच शिसे मुद्दाम सोडून देण्याची प्रथा पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावांत माशाच्या हिताची आहे, पण तिच्यामुळे प्रत्येक माशामागे शिशाचा एक गोळा तळाशी जमा होतो.

शिसे आणि त्याचे पर्याय

शिसे विषारी आहे. ब्रिटनमध्ये मूक हंस खड्यांसोबत शिशाचे लहान मणी गिळत व त्यांच्या पेषणीत ते झिजून विषबाधा होई. त्यामुळे ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे एक औंसापर्यंतच्या, बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर १९८७ पासून तेथे बंदी आली. हंसांच्या गिळण्यात न येणारी मोठी वजने या बंदीतून वगळली गेली आणि बोल्ट रिगचे शिसे त्यांतच मोडते. डेन्मार्कने मासेमारीच्या साहित्यातील शिशावर अधिक व्यापक बंदी घातली आहे.

पर्यायांची अडचण घनतेची आहे. लोखंडाचे वजन पाण्यात सुमारे १३ टक्के भार गमावते, जो फरक फार नाही. दगडाची घनता २.६ च्या आसपास असल्यामुळे १०० ग्रॅमचा दगड पाण्यात ६२ ग्रॅमइतकाच भार देतो. शिवाय तो आकाराने चौपटीहून मोठा असल्याने हवेत आणि पाण्यात जास्त अडतो. शिशाइतकीच पकड हवी असेल तर दगड सुमारे दीडपट जड घ्यावा लागतो. तरीही काही मासेमार खडकाळ तळावर दगड पसंत करतात, कारण तो आसपासच्या गोट्यांत मिसळून जातो आणि तुटून राहिला तरी पाण्याचे नुकसान होत नाही. टंगस्टनची घनता शिशापेक्षा बरीच जास्त, १९.३ आहे, मात्र त्याची किंमत मोठ्या वजनांसाठी परवडणारी नसते.

भारतातील कार्प

कॉमन कार्प मूळचा भारतातील नाही. त्याचा एक वाण १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणि दुसरा १९५७ मध्ये बँकॉकहून कटक येथे आणला गेला. महाराष्ट्रातील मत्स्यशेतीत तो 'सायप्रिनस' या नावाने ओळखला जातो. तो येथेही तळाचा चिखल उकरून खातो, म्हणून वर दिलेले वजनाचे तर्क त्याला जसेच्या तसे लागू पडतात.

भारतीय प्रमुख कार्पांच्या बाबतीत मात्र फरक करावा लागतो. मृगळ तळाशी चरतो. रोहू मुख्यतः पाण्याच्या मधल्या थरात राहतो. कटल्याचे तोंड वर वळलेले असून तो वरच्या थरातील प्लवक खातो. तळाशी पडलेल्या जड वजनाचा उपयोग मासा खाली वाकून आमिष उचलतो आणि मग डोके वर करतो या क्रियेवर अवलंबून असतो. जो मासा मुळात वर तोंड करून खातो, त्याच्यासाठी तळावरचे आमिषच वाटेत येत नाही. कटल्यासाठी बूच बांधून आमिष वरच्या थरात टांगावे लागते. तेथे गळ रोवण्याचे काम पुन्हा काठीच्या हिसक्याकडे, म्हणजे गरवणाऱ्याच्या हाताकडे येते.